पान्हा फुटेपर्यंत

‘वासराला प्यायला कोण शिकवतं?’ असं आमच्याकडे अजून म्हटलं जातं. नव्या बाळंतिणीने ‘बाळ नीट पीत नाही’ अशी तक्रार केली, की घरातलं कुणीतरी, बहुधा पुरुषमाणूस, हा सवाल टाकतो आणि विषय संपतो. आईपण निसर्गाने दिलेलं, दूधही निसर्गाने दिलेलं. त्यात शिकण्यासारखं काय आहे? सवाल बिनतोड वाटतो. पण तो विचारणाऱ्याने गोठ्यात रात्र काढलेली नसते. ज्या बाईने काढली आहे तिला ठाऊक असतं, की पहिलारू गाय पुष्कळदा वासराला जवळ येऊ देत नाही, लाथ मारते. तिच्या पाठीवरून हात फिरवत उभं राहावं लागतं. कास तटतटली असेल तर थोडी धार आधी हाताने काढावी लागते. मग सड मऊ होतो आणि वासराच्या तोंडात बसतो. म्हणजे गोठ्यातसुद्धा शिकवणारं कुणीतरी असतंच. मग माणसाच्या बाळंतिणीलाच ते का नाकारायचं?

वैशाखरे हे माझं माहेर. मुरबाड तालुक्यात, माळशेज घाटाच्या अलीकडे, कल्याणहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या नगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. मुंबई-पुण्याच्या डोंगरभटक्यांना ते नाणेघाट चढण्यासाठी एसटीतून उतरायचं ठिकाण म्हणून माहीत आहे. वर घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गायींची मोजदाद आहे. राणीने आपली मुलं कशी वाढवली, हे अर्थातच त्यात नाही. बायकांचं हे शहाणपण कधी दगडावर कोरलं गेलं नाही. एका बाईने दुसरीचा हात धरून ते पुढे दिलं. सुईण, आजी, आत्या, शेजारीण अशी ती साखळी होती.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि ते चांगलंच आहे. त्यामुळे कितीतरी बायकांचे जीव वाचले. पण जुनी साखळी तुटली आणि तिच्या जागी नवी पुरती जोडली गेली नाही. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडेच बोलके आहेत. देशात शंभरातली सुमारे एकोणनव्वद बाळंतपणं दवाखान्यात झाली. पण जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं शंभरात बेचाळीससुद्धा नव्हती. डॉक्टर, परिचारिका, खाटा, सगळं हाताशी असून हे असं. शिकवायचं काम कुणाचं, हेच ठरलेलं नाही.

पहिला चीक

माझं बाळंतपण शहरातल्या एका दवाखान्यात, पोट उघडून झालं. मुलगी जन्माला आली तेव्हा तिचं वजन दोन किलो सहाशे ग्रॅम होतं. ‘आईला आराम पडू दे’ म्हणून पहिले दोन दिवस तिला बाटलीने वरचं दूध पाजलं गेलं. मी ग्लानीत होते. पाचव्या दिवशी आम्ही गाडीने वैशाखऱ्याला आलो तेव्हा पिशवीत औषधांच्या बरोबर ती बाटलीही होती.

खरं तर शस्त्रक्रिया झाली तरी आई शुद्धीवर येताच बाळाला अंगाशी घेता येतं. कुशीवर झोपून पाजता येतं. मदतीला एक माणूस हवं, इतकंच. पहिल्या दिवसांत येणारा पिवळसर, दाट चीक चहाच्या चमच्याने मोजावा इतकाच असतो. तो पाहून ‘दूधच आलेलं नाही’ असं बायकांना वाटतं. पण नवजात बाळाचं पोटही तेवढंच चिमुकलं असतं, आणि त्या चमचाभर चिकात रोगांपासून संरक्षण देणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. पूर्वी हा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकत आणि बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावत, नाहीतर गुळाचं पाणी देत. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये. त्यातून क्वचित, पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. गायीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, शेजारी वाटतो, आणि आपल्या लेकराचा चीक मात्र मातीत ओततो, ही गंमत म्हणावी की काय?

खरं दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भरून येतं. शस्त्रक्रियेनंतर कधी एखादा दिवस जास्त लागतो. नेमकी हीच वेळ दवाखान्यातून घरी जायची असते. म्हणजे अडचणी सुरू होतात त्या दिवशी डॉक्टर दूर असतात आणि सल्ला देणारे नातेवाईक मात्र उंबऱ्यातच उभे असतात.

तोंडात काय जायला हवं?

माझ्या बाबतीत तेच झालं. बाटलीच्या बुचाला सरावलेली मुलगी छातीशी आणली की तोंड फिरवून किंचाळायची. धरलं तर टोकाला धरायची. सातव्या दिवशी दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या. पाजायची वेळ आली की मी दात आवळून बसायची. आई तूप लावायची, आत्या म्हणायची, ‘पोरी, पहिल्या खेपेला असंच होतं. सोसायचं.’

त्याच दिवशी गावातल्या आशाताई घरी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी पहिल्या बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्तीने ठरावीक दिवशी घरी येऊन बाळ-बाळंतीण पाहायची, वजन करायचं, अशी व्यवस्था २०११ पासून देशभर आहे. तिचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेता येते आणि बालमृत्यू घटवता येतात हे दाखवलं. १९९९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

आशाताईंनी आधी वजन केलं. दोन किलो तीनशे सत्तर. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांच्या आत असेल तर घाबरू नये, असं त्या म्हणाल्या. पण आमचं दहाच्या जवळ पोचलं होतं. मग माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, ‘बाय, सोसायचं कशाला? दुखतंय म्हणजे धरणं चुकतंय.’

इतकं साधं वाक्य मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. बाळ स्तनाग्र चोखत नाही. त्याच्याभोवतीचा काळसर भाग तोंडात भरून घेऊन तो दाबतं. म्हणून त्याचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं. आपण बाळाकडे वाकायचं नाही. बाळाचं डोकं, पाठ, कमर एका रेषेत, पोट आपल्या पोटाला टेकलेलं. हनुवटी छातीला लागलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला आणि काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय, खालच्या बाजूला कमी, अशी खूण. पहिले काही क्षण ओढ लागते. त्यानंतरही दुखत राहिलं तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवायचं आणि पुन्हा धरायला लावायचं. चिरांवर पाजून झाल्यावर शेवटच्या दुधाचा थेंब लावून तो हवेवर वाळू द्यायचा. साबण लावून सारखं धुवायचं नाही.

काहींचं स्तनाग्र चपटं किंवा आत ओढलेलं असतं. त्या बायकांना ‘तुला पाजता येणार नाही’ असं सरळ सांगून टाकतात. १९९३ साली दावणगिरीच्या डॉक्टरांनी ‘जर्नल ऑफ ह्यूमन लॅक्टेशन’ या नियतकालिकात यावर एक स्वस्त उपाय मांडला. इंजेक्शनची प्लास्टिकची नवी मोठी नळी घ्यायची, तिचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा आणि दुसरी, गुळगुळीत बाजू छातीवर टेकवून दट्ट्या हळूच मागे ओढायचा. पाजण्याआधी मिनिटभर असं केलं की स्तनाग्र वर येतं. जाणत्या परिचारिकेकडून एकदा शिकून घ्यावं. काही रुपयांच्या नळीने कितीतरी डबे वाचले असतील.

गाठी आणि ताप

नवव्या रात्री माझी छाती दगडासारखी झाली. वैशाखातला उकाडा, त्यात वीज गेलेली, बाळ रडतंय आणि तटतटलेल्या कातडीवर त्याला धरताच येत नाही. आत्याने कंदील जवळ ओढला आणि गोठ्यात करते तेच केलं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ ठेवलं, हलक्या हाताने थोडं दूध वाटीत काढलं, तेव्हा कुठे काळसर भाग मऊ झाला आणि मुलीने तो धरला. वासराच्या सवालाला ते उत्तर होतं.

दुधाने छाती भरून येणं स्वाभाविक आहे, पण ते दूध बाहेर पडलं नाही की गाठी होतात. उपाय एकच, दूध निघत राहणं. पाजण्याआधी थोडा ऊबदार शेक, पाजून झाल्यावर सूज उतरण्यासाठी गार पाण्याची घडी. जोरजोराने रगडू नये; त्याने सूज वाढते. एका बाजूला लाल चट्टा, ठणका आणि थंडी वाजून ताप आला, तर ती स्तनदाहाची खूण. अशा वेळी ‘ताप आहे, बाळाला पाजू नकोस’ असं हमखास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. ते दूध बाळाला बाधत नाही आणि पाजणं थांबवलं तर दूध आत तुंबून दुखणं वाढतं. मात्र एका दिवसात ताप ओसरला नाही तर डॉक्टरकडे जायलाच हवं. पाजणाऱ्या आईला चालणारी औषधं आहेत. दुर्लक्ष केलं तर गळू होतं आणि मग ते कापावं लागतं.

‘दूध पुरत नाही’

चौदाव्या दिवशी वजन झालं ते फक्त दोन किलो तीनशे नव्वद. दोन आठवड्यांत बाळाने जन्माचं वजन परत गाठावं अशी अपेक्षा असते. आम्ही दोनशे दहा ग्रॅम मागे होतो. घरात शांतता पसरली. कुणीतरी मुरबाडहून डबा आणायचं सुचवलं. मी रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून जागी होते. आईच्या अंगात जोर नाही म्हणून लेकरू वाळतंय, हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण मला ते ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आशाताईंच्या सांगण्यावरून आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बाळाला तपासलं, आजार नसल्याची खात्री केली आणि नंतर मला समोर बसवून पाजायला लावलं. पाच-सात घोटांनंतर मुलगी झोपून जात होती, आणि बाटलीचं दूध मध्ये मध्ये चालू होतं म्हणून भूकही पुरती लागत नव्हती. त्यांनी आठवड्याचा नेम आखून दिला. दिवसरात्र दर दोन तासांनी, झोपली असेल तर उठवून, दोन्ही बाजूंना पाजायचं. त्यानंतर हाताने दूध काढून ते बोंडल्याने द्यायचं. बाटली बंद.

यामागचं गणित सोपं आहे. जितकं दूध निघतं तितकं नवीन तयार होतं. वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, म्हणून दूध कमी होतं, म्हणून वरचं दूध वाढवावं लागतं. बहुतेक घरांत ‘दूध आटलं’ ते या चक्रात आटलेलं असतं. रात्रीचं पाजणं तर चुकवूच नये, कारण दूध तयार करणारा संप्रेरक तेव्हा जास्त स्रवतो. आणि पान्हा फुटण्यासाठी मन थाऱ्यावर लागतं. भीती, दुखणं, टोमणे यांनी तो अडतो. ‘हिला दूधच नाही’ असं बाळंतिणीच्या देखत बोलणारी व्यक्ती तो अडवायला हातभारच लावत असते.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ उकाड्याने रडतं, जवळ घ्या म्हणून रडतं. संध्याकाळी तासन्‌तास चिकटून पिणं हेही पुष्कळ बाळांचं असतंच. खरा पुरावा लंगोटात आणि वजनकाट्यावर असतो. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी आणि महिन्याला किमान अर्धा किलो वाढ होत असेल, तर दूध पुरतंय. लघवी कमी, बाळ सुस्त, पिण्याचा कंटाळा, अंगाला पिवळेपणा वाढतोय, अशी लक्षणं दिसली तर मात्र थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

खाण्याचं म्हणाल, तर अळिवाचे लाडू, डिंक, मेथी, शतावरी यांनी दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. पण ते खाल्ल्याने बाळंतिणीच्या पोटात चार घास जास्त जातात, हे मात्र खरं. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोजच्यापेक्षा सुमारे सहाशे उष्मांक जास्त लागतात. आमच्याकडे नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, डाळ, सुकट, अंडी एवढ्यात ते भागतं. म्हणूनच ‘बाळंतिणीला वातूळ’ म्हणून ताटातले पदार्थ कमी करत जाणं नुकसानीचं. राज्याच्या आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण ठेवलं गेलं, ते याच विचाराने. बाळाला मात्र सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही, अगदी वैशाखातही. आईच्या दुधात शंभरात सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं.

एकविसाव्या दिवशी काटा दोन किलो पाचशे ऐंशीवर गेला. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन किलो सातशे नव्वद. आशाताईंनी वहीत आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि चहा मागितला.

डब्याचा कायदा, दुधाची पेढी

डब्याच्या दुधाला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. काही बाळांना ते लागतंच. आईला विशिष्ट औषधं चालू असतात, काही आजार असतात. खरोखरच कमी दूध येणाऱ्या आयाही असतात, जरी थोड्याच. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते उकळलेल्या पाण्यात, नेमक्या मापाने, वाटी-चमच्याने द्यावं आणि त्या आईला कुणी अपराधी ठरवू नये. पण गरज आणि विक्री यांत फरक आहे. जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ साली या विक्रीला संहिता घातली. आपल्याकडे १९९२ चा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर आई-बाळाचं चित्र छापता येत नाही. दवाखान्यात एखादा डबा भेट म्हणून हाती आला, तर तो घेण्याआधी हे आठवावं.

आणखी एक वाट मुंबईने दाखवली. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्यांना जास्त दूध येतं अशा आया ते देतात. तपासून, तापवून निर्जंतुक केलेलं ते दूध अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना मिळतं. एका धारावीच्या आईचं दूध दुसऱ्या कुठल्या कुर्ल्याच्या बाळाला. यशोदेची गोष्ट सांगणाऱ्या समाजाला हे समजायला अवघड जाऊ नये.

कामावर जाताना

पावसाने जोर धरला की आमच्याकडे आवणी सुरू होते. ओली बाळंतीणही दोन महिन्यांत चिखलात उतरते. बाळ घरी झोळीत, नाहीतर बांधावर इरल्याखाली. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. कारखान्यात, कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा आहे. रुजू झाल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या आहेत. शेतावरच्या आणि भट्टीवरच्या बाईला यातलं काही नाही. तिला आधार घरच्यांचाच. कुणीतरी दुपारी बाळ शेतावर नेऊन पोचवलं, तरी खूप झालं. तेही जमत नसेल तर स्वच्छ हातांनी काढलेलं दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात सावलीत ठेवलं तर साधारण चार तास टिकतं. ते बोंडल्याने द्यावं. आजीला हे काम आनंदाने जमतं; आजोबांनाही जमावं.

आणि मनाचंही बोलायला हवं. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस उगाच रडू येतं, ते जातं. पण दोन आठवडे उलटूनही बाळाकडे बघवत नसेल, झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. ‘नखरे करते’ म्हणून तो बरा होत नाही.

आपल्याकडे बसस्थानकांवर आणि कार्यालयांत बाळाला पाजण्यासाठी जे कक्ष झाले त्यांना हिरकणीचं नाव दिलं आहे. नाव सुंदर आहे. गडाची दारं बंद झाली म्हणून तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीचं आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक करत आलो. करावंच. पण त्या गोष्टीत दार बंद होतं, हेही लक्षात ठेवावं. घरोघरच्या बाळंतिणींनी रोज कडे उतरावेत, अशी अपेक्षा करण्यापेक्षा कुणीतरी दार उघडं ठेवलं तर बरं. त्यासाठी फार काही लागत नाही. शेजारी बसणारी एक जाणती बाई, वेळेवर झालेलं वजन, ताटात चार घास जास्त आणि ‘दूध पुरतंय ना?’ या प्रश्नाऐवजी ‘तू जेवलीस का?’ हा प्रश्न.